गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रतिकारपेशींचा हल्ला

गर्भाशयमुखातील कर्कपेशी ओळखून मारण्याची शरीराची प्रक्रिया. बोलीत ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणून ओळखला जाणारा हा रोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) चिवट संसर्गातून होतो. सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणूचे १६ व १८ हे प्रकार कारणीभूत असतात. विषाणू व कर्करोग यांचा हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ओळख : विषाणूची ई६ व ई७ ही प्रथिने पेशीच्या वाढीला लगाम घालणारी पी५३ व आरबी ही प्रथिने निकामी करतात. ई६ व ई७ यांच्याविना कर्कपेशी तगत नाही. पण ही प्रथिने परकी असल्याने तीच तिला उघडी पाडतात. त्यांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावरील एचएलए रेणूंवर मांडले जातात. वृक्षिका पेशी असेच तुकडे जवळच्या लसीका ग्रंथींत नेऊन टी पेशींना दाखवतात.

हल्ला : खूण पटलेली मारक टी पेशी कर्कपेशीला चिकटते. तिने सोडलेले परफोरिन कर्कपेशीच्या पटलाला छिद्रे पाडते आणि त्यांतून ग्रॅन्झाइम ही विकरे आत शिरतात. कर्कपेशी आतूनच मोडत जाते. टी पेशी मात्र शाबूत राहून पुढचे लक्ष्य गाठते. अवशेष भक्षक पेशी गिळतात.

निसटणे : विषाणू रक्तात न उतरता आवरणाच्या पेशींतच राहतो, फारसा दाहही होऊ देत नाही. तरीही बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप निवळतात. टिकलेल्या संसर्गातून कर्करोग व्हायला सहसा १५ ते २० वर्षे लागतात. या काळात काही पेशी एचएलए रेणू दडवतात. अशा पेशींना टिपणे हे नैसर्गिक मारक पेशींचे काम. इतर काही पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून टी पेशींना थोपवतात. प्रतिकारशक्ती खालावल्याने एचआयव्हीबाधित स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो.

उपचार : पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पीडी-एल१ चा हा अडसर दूर करते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात रुग्णाच्या गाठीतील टी पेशी बाहेर वाढवून पुन्हा शरीरात सोडल्या. नऊपैकी तिघींच्या गाठी आक्रसल्या, त्यांतील दोघींच्या पूर्ण नाहीशा झाल्या.

लस : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस प्रतिपिंडे निर्माण करून विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवते. ती विषाणूच्या कवचातील एल१ प्रथिनापासून बनते. कर्कपेशीत हे प्रथिन सहसा नसते, म्हणून झालेला कर्करोग लसीने बरा होत नाही.

महाराष्ट्रातील अभ्यास : तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय सहभागी होते. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकारपेशींना चकवून टिकलेला संसर्ग कर्करोग होण्याआधीच चाचणीत सापडू शकतो, हे त्यातून दिसले.