कीबोर्डवादक, दूरस्थ
ध्वनिमुद्रणगृहात हजर न राहता, स्वतःच्या घरी वा खाजगी स्टुडिओत आपला भाग वाजवून तो इंटरनेटद्वारे गीतकर्त्याकडे पाठविणारा, मोबदला ठरवून नेमलेला वादक. मुंबईच्या चित्रपटसंगीतात कित्येक दशके सारा वाद्यवृंद, ज्यात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा असे, गायकासह एकत्रच वाजवीत असे. पुढे बहुपथ मुद्रणाने प्रत्येक वाद्य पृथक् नोंदविणे शक्य केले, आणि १९८३ साली प्रचारात आलेल्या मिडी पद्धतीने कीबोर्डवादकास जी सवलत दिली, ती सतारियास वा बासरीवादकास सहसा लाभली नाही. कारण मिडीत ध्वनी नव्हे, तर कोणती पट्टी केव्हा, किती जोराने व किती वेळ दाबली एवढेच नोंदले जात असल्याने, पियानोऐवजी ऑर्गन योजणे किंवा चुकलेला स्वर दुरुस्त करणे मागाहूनही साधते. म्हणून सुज्ञ गीतकर्ता ध्वनिफितीसमवेत मिडी फाईलही मागून घेतो. वादकाकडे कच्चे मुद्रण, लयीचा वेग व कॉर्डांचा तक्ता आगाऊ धाडावा लागतो. गायकाचा श्वास पाहून हात आवरता घेण्याची संधी मात्र या व्यवस्थेत नाही, आणि ही उणीव, विशेषतः भावगीतात, लपत नाही. मेहनताना, फेरदुरुस्त्या व हक्क यांचा करारनामा लेखी असणे इष्ट. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ यातील कलम ३८ अन्वये वादकासही प्रयोगकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क आहेत.