लेंगी व फाग

लेंगी व फाग : बंजारा समाजातील होळीची समूहगीते आणि त्या गायनातून द्रव्य गोळा करण्याची प्रथा. यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पुसद, दिग्रस, दारव्हा इ. तालुक्यांतील तांड्यांत ती रूढ आहे. होळीच्या दिवसांत स्त्रीपुरुष डफाच्या ठेक्यावर फेर धरून लेंगी गातात. ही गीते गोरबोलीत असतात. एकाने ओळ टाकावी व इतरांनी ती उचलून पुढे न्यावी, अशी त्यांची रीत आहे. थट्टा, चढाओढ व विडंबन यांना तीत मुक्त वाव असतो, कारण एरवीची मर्यादा या सणात सैल होते. सणानिमित्त गाणारे घरोघर व बाजारपेठेत जाऊन फाग म्हणजे होळीची बिदागी मागतात. जमलेले द्रव्य मुख्यतः तांड्याच्या सामुदायिक भोजनावर खर्च होते. भिक्षेचे द्रव्य एकट्याचे असते, तर फागाचे द्रव्य समूहाचे असते. हा भेद महत्त्वाचा होय.

पार्श्वभूमी : बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूरच्या बाजारपेठांना पोहोचविणे, हा बंजारांचा परंपरागत व्यवसाय होता. दक्षिणेतील मोहिमांत सैन्याला रसद पुरविण्याचे कामही त्यांनी केले. अशा फिरत्या जीवनात पूर्वजांची स्मृती लेखनाने नव्हे, तर गायनाने टिकली. समाजाच्या वंशगाथा गाणाऱ्या ढाडी या भाटवर्गाला मात्र जुन्या वर्णनांत सर्वांत खालचे स्थान दिलेले आढळते. ज्याच्या गीतात समाजाचा इतिहास सुरक्षित राहिला, त्याच्याच वाट्याला मान कमी आला.

लौकिक : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात लोहमार्ग व पक्के रस्ते झाल्याने लदेणीचा व्यापार बसला. पुष्कळ तांडे शेतीकडे व मजुरीकडे वळले. याच काळात त्यांच्याविषयीचे लेखन पोलिसी दृष्टीने होऊ लागले. वऱ्हाड पोलिस खात्यातील कंबरलेज यांचा बंजारांवरील प्रबंध १८८२ मध्ये पुनर्मुद्रित झाला. त्याच वर्षी गन्थॉर्प यांनी गुन्हेगार मानलेल्या जमातींवरील आपल्या पुस्तकात बंजारांचा समावेश केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी अनेक भटक्या समूहांवर जन्मतःच संशयाचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते. पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. तथापि कायद्याने पुसलेला शिक्का लोकांच्या नजरेतून तितक्या लवकर पुसला जात नाही. त्यामुळे बाजारात डफ घेऊन आलेल्या स्त्रियांच्या मागणीकडे प्रथा म्हणून न पाहता भीक म्हणून पाहण्याची वृत्ती उरते.

तुलना : गायनातून निधी उभारण्याची कल्पना नागर समाजालाही परकी नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त मानापमान हा नाट्यप्रयोग केला. त्याची नोंद मराठी रंगभूमीच्या इतिहासात गौरवाने होते. याउलट न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील हिप-हॉप या संगीतप्रकाराची कथा फागाच्या जवळची आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीच्या सामायिक दालनात सिंडी कॅम्बेल हिने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून अल्प प्रवेशशुल्क ठेवून नृत्यमेळा भरविला. तबकड्या वाजविणारा तिचा भाऊ क्लाइव्ह, ऊर्फ कूल हर्क, हा हिप-हॉपचा एक जनक मानला जातो. पुढे या संगीताचा संबंध गुन्हेगारीशी जोडला गेला. त्यातील काही गायकांनीच १९८९ मध्ये हिंसाचाराविरुद्ध एक ध्वनिमुद्रिका काढून तिचे उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या संस्थेस दिले. २०१८ मध्ये केंड्रिक लमार या रॅप गायकास पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रस्थापित मान्यतेचे एक मोठे दारही या प्रकारास उघडले.

लेंगी व हिप-हॉप यांत ऐतिहासिक नाते नाही. साम्य आहे ते त्यांच्या नशिबात. दरिद्री व संशयित ठरलेल्या समूहाने आपल्या गरजेसाठी गाऊन पैसा जमविला, की त्यास याचना म्हणतात; प्रतिष्ठितांनी तेच केले, की ती देशसेवा ठरते. निधीची योग्यता त्याच्या विनियोगावरून ठरविली पाहिजे, मागणाऱ्याच्या जातीवरून नव्हे. या कसोटीवर तांड्यातील सर्वांच्या मुखी पडणारा फाग हा लोकनिधीच ठरतो.