सोलापूर प्रांतींचीं जुनीं विमापत्रें व वारसांचे तंटे

सनदा, महजर व फारखत्या जपून ठेवणारे आमचे संग्राहक आयुर्विम्याचें छापील पत्र हातीं लागलें कीं तें रद्दींत टाकतात. हा अनादर आम्हांस योग्य वाटत नाहीं. मृताच्या पैशाचा धनी कोण, या वादाचा निकाल पुष्कळदां अशा पत्रावरील एका तारखेनें व एका शब्दानें लागे. आणि सोलापुराकडे तर स्थळासही तारखेइतकेंच महत्त्व होतें.

या प्रांताचा मूळ दायधर्म मिताक्षरेचा. तिचा कर्ता विज्ञानेश्वर हा सोलापुराच्या पूर्वेस कल्याणी येथें सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) आश्रयास होता. पुत्रास वडिलार्जितांत जन्मतःच हक्क व अविभक्त कुटुंबांतील विधवेस केवळ अन्नवस्त्र, ही व्यवस्था शेत व वाडा यांसाठीं झाली. मनुष्य मेल्यावरच जो पैसा हातीं येतो त्याची कल्पना तींत कोठून असणार? हप्ते एकत्र मिळकतींतून भरले कीं स्वकष्टार्जितांतून, येथूनच तंट्यास आरंभ होई. भाऊबंद एकीकडे, विधवा दुसरीकडे, आणि सावकार दोघांच्याही पुढें!

इ. स. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचें ६ वें कलम असें कीं, पतीनें पत्नी वा मुलें यांच्या हितार्थ उतरलेला व तसें पत्रावरच नमूद केलेला विमा हा त्यांचा विश्वस्तनिधि होय. पतीच्या धनकोंचा त्यावर हात चालत नाहीं. हें हिंदूंस लागू कीं नाहीं याविषयीं मतभेद होता. मद्रासच्या हायकोर्टानें पूर्णपीठापुढें तें लागू ठरविलें. पुढें इ. स. १९२३ च्या दुरुस्तीनें मद्रासेंत ३१ डिसेंबर १९१३ नंतरच्या, व ब्रिटिश हिंदुस्थानांत इतरत्र १ एप्रिल १९२३ पासूनच्या विम्यांस तें स्पष्टपणें लागू झालें.

आतां नकाशा पाहावा. सोलापूर मुंबई इलाख्यांत, अक्कलकोट संस्थानांत, तुळजापूर निजामाकडे. आणि हीं दोन्हीं गांवें सोलापुराहून तीस मैलांच्या आंत. सोलापुरांत या तारखेनंतर पत्नीच्या हितार्थ उतरलेला विमा तिचा. तोच अक्कलकोटीं वा तुळजापुरीं उतरला असता तर या कलमाचा आधार तिला नव्हता. अक्कलकोट इ. स. १९४८ सालीं विलीन झालें. निजामाच्या मुलखांत मात्र हा कायदा इ. स. १९५९ च्या विस्तारानेंच पोंचला, म्हणजे राज्याची सरहद्द पुसली गेल्यावरही कायद्याची सरहद्द अकरा वर्षें टिकली.

इ. स. १९३८ च्या विमा कायद्याच्या ३९ व्या कलमानें नामनिर्देशन आलें. ज्याचें नांव तोच धनी, असा लोकांचा समज झाला. सर्वोच्च न्यायालयानें 'सरबती देवी' प्रकरणीं इ. स. १९८३ सालीं तो दूर केला: निर्दिष्ट मनुष्यानें पैसा घ्यावयाचा तो वारसांकरितां. इ. स. २०१५ च्या दुरुस्तीनें आईबाप, पतिपत्नी व मुलें यांपुरतें पारडें पुन्हां फिरलें.

तेव्हां असें पत्र मिळाल्यास त्याची मागील बाजू आधीं वाचावी. हस्तांतराचा शेरा असला तर तो बहुधा तेथेंच असतो, व त्यापुढें नामनिर्देशन सामान्यतः टिकत नाहीं. हप्त्यांच्या पावत्या सोबत असल्यास त्या वेगळ्या करूं नयेत. पैसा कोणत्या खात्यांतून गेला हें त्यांवरूनच कळण्याचा संभव असतो.