मिरांडा: पहिला मान मिळवूनही संपलेली कंपनी



आज माझ्यासमोर टेबलावर एक कॅमेरा आहे. व्हिडिओ पाहणाऱ्यांना तो दिसतोच आहे, पुस्तक वाचणाऱ्यांसाठी सांगतो: काळं-चंदेरी अंग, हातात घेतला की चांगलाच जड, आणि कपाळावर नाव, मिरांडा सेन्सोरेक्स. माझे मामा बोटीवर नोकरीला होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तो जपानमध्ये घेतला आणि बडोद्याच्या घरी आणला. आम्हां भाचरांना तो हातात देताना ते म्हणायचे, "नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण काच बघ काय आहे!"

काच म्हणजे लेन्स. तिच्यावरही मिरांडाचंच नाव कोरलंय. त्यामुळे ती मिरांडाने बनवली असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. ती समजूत चुकीची निघाली. आणि ही चूक उलगडली, तेव्हाच मला या कंपनीचा इतिहास कळला.

सुरुवात युद्धानंतरच्या तोक्योत होते. 1945 मध्ये जपान हरला आणि विजेत्यांनी तिथे विमानं बनवायला, त्यांवर संशोधन करायलाही बंदी घातली. हजारो विमान अभियंते एका फटक्यात बेकार झाले. कुणी मोटारींकडे वळलं, कुणी रेल्वेकडे. शिंकान्सेन या वेगवान गाडीचा आकार घडवणारे मिकी तादानाओ आधी नौदलाची विमानं रचत होते. अशाच दोघांनी, ओगिहारा अकिरा आणि ओत्सुका शिंतारो यांनी, 1940 च्या दशकाच्या अखेरीस एक छोटा कारखाना काढला. नाव ठेवलं ओरायन. आकाश सुटलं, पण निदान मृग नक्षत्राचं नाव तरी राहिलं!

सुरुवातीला ते कॅमेरे बनवत नव्हते, कॅमेऱ्यांना लागणाऱ्या जोडवस्तू बनवत होते. त्यांतली एक होती मिरॅक्स, म्हणजे आरशाची पेटी. ती लायकासारख्या कॅमेऱ्याच्या पुढे लावायची. तिचा उपयोग काय? त्या काळच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत डोळा एका खिडकीतून बघायचा आणि फिल्म दुसऱ्या काचेतून बघायची. दोन्हींना दिसणाऱ्या चित्रांत थोडा फरक राहायचा. लांबच्या डोंगराचा फोटो असेल तर चालून जायचं. पण फुलावरची माशी टिपायची झाली की डोळ्याला दिसलेली माशी फोटोत भलतीकडेच जायची. आरसा बसवला की लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दिसतं.

मात्र नुसत्या आरशात चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. मूल उजवीकडे पळालं की आपण कॅमेरा डावीकडे फिरवतो! शिवाय मान खाली घालून वरून बघावं लागतं. यावर उपाय म्हणजे आरशाच्या डोक्यावर पैलू पाडलेल्या काचेचा एक ठोकळा बसवायचा, पेंटाप्रिझम. मग कॅमेरा डोळ्याला लावून सरळ, सुलट चित्र बघता येतं. जर्मनी आणि इटलीत 1940 च्या दशकाच्या अखेरीस असे कॅमेरे आले होते. जपानमध्ये तो पहिल्यांदा बाजारात आणला तो या छोट्या ओरायनने, 1955 मध्ये. त्याचं नाव मिरांडा टी.

हे पुन्हा सांगतो, कारण ऐकून आश्चर्य वाटतं. पेंटॅक्स 1957 ची, निकॉन एफ 1959 चा. 35 मिलिमीटर फिल्मच्या या प्रकारात दोघांच्याही आधी मिरांडा होता.

मग माशी शिंकली कुठे?

निकॉन बनवणारी निप्पॉन कोगाकू ही 1917 पासूनची मुळात काचेचीच कंपनी. पेंटॅक्सची आसाही 1919 साली चष्म्याच्या काचांपासून सुरू झाली. त्यांच्याकडे लेन्स घरची होती, कॅमेरा नंतर आला. ओरायनकडे यंत्राची अक्कल होती, पण लेन्स बनवायचा कारखाना नव्हता. त्यांनी लेन्स बाहेरून घेतल्या. पहिल्या मिरांडावर झुनो नावाच्या कंपनीची लेन्स यायची. झुनो स्वतः 1961 मध्ये बुडाली. पुढेही लेन्स इतरांकडूनच बनवून घेतल्या गेल्या, त्यांवर नाव तेवढं मिरांडाचं.

या उणिवेतून त्यांनी एक हुशारीही दाखवली. कॅमेऱ्याच्या तोंडाला आत आटे आणि बाहेर फिरवून अडकवायची खाच, अशा दोन सोयी ठेवल्या. लेन्स आणि फिल्ममधलं अंतरही कमी ठेवलं, म्हणजे मध्ये कडी लावून इतर कंपन्यांच्या लेन्सही बसाव्यात. सगळ्यांना दार उघडं! गिऱ्हाइकाला हे आवडायचं. पण यातली मेख अशी, की एक कॅमेरा विकला की त्याच माणसाला पुढे दहा वर्षं आपल्याच लेन्स विकायच्या, ही जी इतरांची पक्की कमाई होती, ती मिरांडाला तशी लाभली नाही.

दुसरी गोष्ट दुकानाची. 1957 मध्ये कंपनीचं नावच मिरांडा झालं. माल मुख्यतः परदेशी जायचा, अमेरिकेत तो विकायची न्यूयॉर्कची अलाइड इम्पेक्स. साठच्या दशकात या विक्रेत्यानेच कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. म्हणजे काच दुसऱ्याची होतीच, आता दुकानदार मालक झाला.

1971 पर्यंत एका डॉलरला 360 येन मिळत. त्यानंतर येन महागला आणि अमेरिकेत माल विकणाऱ्या प्रत्येक जपानी कंपनीला चटका बसला. मोठ्यांनी तो सोसला. शिवाय कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स शिरत होतं, त्याला भांडवल लागत होतं. मिरांडाने 1975 मध्ये डीएक्स-3 आणून प्रयत्न केला. 1976 मध्ये कॅननने एई-1 आणला, ज्यात सूक्ष्म संगणक होता. त्याच वर्षाच्या अखेरीस मिरांडाचं दिवाळं निघालं. पुढे ऐंशीच्या दशकात ब्रिटनमधल्या एका दुकानसाखळीने इतरांनी बनवलेल्या कॅमेऱ्यांवर मिरांडा हे नाव लावून ते विकले. शेवटी नावही दुसऱ्याकडे गेलं.

जपानच्या प्रगतीची गोष्ट आपण नेहमी एकाच सुरात ऐकतो: मेहनत, शिस्त, दर्जा, म्हणून यश. मला हा सूर अपुरा वाटतो. मेहनत आणि दर्जा मिरांडाकडेही होता, नवी वाट तर त्यांनीच पहिल्यांदा धरली. पण जे जिंकले त्यांच्याच गोष्टी उरतात, आणि मग वाटतं की हरलेल्यांत काही खोट असणार. इथे खोट कारागिरीत नव्हती. कच्चा माल आणि बाजार, दोन्हींच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला होत्या.

मामा आता नाहीत. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, काच खरंच चांगली आहे. ती ज्यांनी घासली त्या कारागिरांचं नाव तिच्यावर नाही, एवढंच. कॅमेरा मात्र अजून चालतो. परवाच त्यात फिल्म भरली.

तुमच्याही घरी माळ्यावर असा एखादा अनोळखी नावाचा कॅमेरा पडला असेल, तर काढून बघा. त्याच्या नावामागे कोण होतं, हे शोधायला तिथूनच सुरुवात होते. भेटूया पुढच्या भागात.