मुखदुर्बळ

वाकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला हिंजवडीच्या कचेरीत प्रश्नावली भरवून ‘अंतर्मुख’ ठरविले. वरची जागा दुसऱ्याला गेली. ही विभागणी स्विस मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथातली. ब्रिग्ज-मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिची प्रश्नपत्रिका केली, ती ज्याला त्याला जोगते काम मिळावे म्हणून!

समर्थांनीही सतराव्या शतकात, दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, माणसांची लक्षणे सांगितली: मूर्ख, रजोगुणी, तमोगुणी, सत्त्वगुणी आणि शेवटी पढतमूर्ख (तिथे आम्हां शिक्षकांची सोय). पण मूर्खलक्षणे सांगितली ती ऐकणाऱ्याने टाकावीत म्हणून. जन्मभर कपाळी मिरवावीत म्हणून नव्हे.

हे मी त्याला मोठ्या तोऱ्यात ऐकविले. तो हसला.

“गुरुजी, सातवीत तुम्हीच मला मुखदुर्बळ म्हणाला होतात. वर्गप्रमुख तेव्हाही दुसराच झाला.”