डेर लायरमान

डेर लायरमान : फ्रान्ट्स शूबर्ट (१७९७–१८२८) याच्या ‘विंटरराइझ’ (हिवाळी प्रवास) या गीतमालेतले चोविसावे आणि शेवटचे गीत. काव्य विल्हेल्म म्यूलरचे (१७९४–१८२७). स्वररचना १८२७ची, एक गायक आणि पियानो यांच्यासाठी. लायरमान म्हणजे लायर वाजवणारा; लायर म्हणजे चाक फिरवून वाजवायचे तंतुवाद्य. चाक तारांवर घासते आणि काही तारा एकच स्वर अखंड धरून ठेवतात.

या गीताचे कारुण्य मायनर स्वरसप्तकातून येते असे सहज म्हटले जाते. ते पुरेसे नाही, कारण मालेतली बहुतेक गीते मायनरमध्येच आहेत आणि तरी एकही असे गोठलेले नाही. पट्टीचाही प्रश्न नाही. हस्तलिखितात हे गीत बी मायनरमध्ये होते, छापताना ते ए मायनरमध्ये आले, आणि आज स्त्री-पुरुष गायक आपापल्या आवाजाला सोसेल त्या पट्टीत ते गातात. परिणाम तोच राहतो. खरे कारण डाव्या हातात आहे. तिथे पहिल्यापासून अखेरपर्यंत फक्त षड्ज आणि पंचम वाजतात. उजवा हात वर दुसरा स्वरमेळ मांडू पाहतो, पण खालची जोडी जागची हलत नाही आणि दोन्ही एकमेकांना खटकतात. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला अखंड आधारस्वर आश्वासक वाटेल. युरोपीय संगीतात मात्र बरीचशी वाटचाल खर्जातल्या स्वराच्या हालचालीने होते; तो स्वर अडकला की प्रवासच थांबतो. मालेच्या पहिल्या गीतात पियानो पावले टाकत निघालेला असतो, हे लक्षात घेतले की हे थांबणे किती मोठे आहे ते कळते.

ही केवळ वाद्याची नक्कल आहे, असा आक्षेप घेता येईल. पण पहिल्या दोन बारांत तीव्र मध्यम पंचमाला घसटून जातो, चाक सुरू होतानाच्या कुरकुरीसारखा, आणि मग तो नाहीसा होतो. नक्कलच करायची असती तर शूबर्टने ही खूण इतक्या लवकर टाकली नसती. दुसरे मत असे की गीतातला गावाबाहेर लायर वाजवणारा म्हातारा म्हणजे मृत्यू. म्यूलरने त्याला काय दिले आहे ते पाहावे : गारठलेली बोटे, बर्फावर अनवाणी पाय, रिकामी थाळी, गुरगुरणारी कुत्री. मृत्यूला भिक्षेची थाळी कशाला लागेल? मालेतला प्रवासी त्या म्हाताऱ्याला सोबतीबद्दल विचारतो, आणि गाण्याचे शब्द त्या प्रश्नावरच संपतात. नंतर पियानो क्षणभर चढतो आणि मावळतो. उत्तर म्हणावे असे त्यात काही नाही. मृत्यूचे रूपक स्वीकारले तर उत्तर आधीच ठरून जाते, आणि शूबर्टने मोकळे ठेवलेले दार वाचकच बंद करतो.

म्यूलर सप्टेंबर १८२७ अखेरीस वारला. मालेच्या उत्तरार्धाची मुद्रिते शूबर्टने अखेरच्या आजारपणात तपासली. १९ नोव्हेंबर १८२८ रोजी त्याचा मृत्यू झाला, आणि हे गीत असलेला भाग व्हिएन्नाच्या टोबियास हासलिंगरने त्यानंतर, डिसेंबरअखेरीस प्रसिद्ध केला.