बीथोवनचे क्वार्टेट व पियानो सोनाटा : श्रोत्यांच्या इतिहासाच्या दिशेने

संगीताचा इतिहास प्रामुख्याने रचनाकार व त्यांच्या कृती यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. श्रोता हा घटक त्यात उपेक्षित राहिलेला दिसतो. लुडविग व्हान बीथोवन (१७७०-१८२७) याचे क्वार्टेट व पियानो सोनाटा कोणी, कोठे व कसे ऐकले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नामध्ये हे संगीत उमरावांच्या दिवाणखान्यांत व सुखवस्तू घरांत वाजत असे. वाजविणारे व ऐकणारे यांच्यात फारसे अंतर नव्हते. १८०४-०५ च्या हंगामात व्हायोलिनवादक इग्नाझ शुपानझिग याने क्वार्टेटच्या जाहीर मैफली सुरू केल्या. सोनाटांपैकी बहुतेक मात्र रचनाकाराच्या हयातीत जाहीर मैफलीत पोहोचलेच नाहीत. १८१८ मध्ये पूर्ण झालेला ‘हामरक्लाविअर’ सोनाटा फ्रान्झ लिस्टने पॅरिसमध्ये वाजविला तो १८३६ साली.

या दृष्टीने १८२५-२६ ही दोन वर्षे विशेष महत्त्वाची आहेत. ६ मार्च १८२५ रोजी ओपस १२७ हा क्वार्टेट प्रथम सादर झाला आणि फसला. तालमी अपुऱ्या होत्या. पुढे योझेफ ब्यॉम याने तो सादर केला, तेव्हा एकाच मैफलीत दोनदा वाजविण्याची युक्ती योजली गेली. एकदा ऐकून ही रचना उमगणार नाही, याची ती कबुलीच होय. २१ मार्च १८२६ रोजी ओपस १३० सादर झाला. त्यातील दोन लहान भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवून घेतले. अखेरचा प्रदीर्घ फ्यूग मात्र त्यांना झेपला नाही. प्रकाशक मथियास आर्टारिया याच्या इच्छेनुसार बीथोवनने त्याच वर्षी नवा शेवट लिहिला व फ्यूग ओपस १३३ म्हणून स्वतंत्र छापला गेला.

या घटनेकडे प्रतिभावंताची उपेक्षा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी वाटते. हातात स्वरलिपी नसलेल्या व ती रचना प्रथमच ऐकणाऱ्या त्या श्रोत्यांची नापसंती कृतीचे रूप बदलण्यास कारणीभूत ठरली, हे अधिक महत्त्वाचे आहे.

पुनःश्रवणाची अडचण दूर केली ती ध्वनिमुद्रिकेने. आर्टुर श्नाबेल याने १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये सर्व ३२ सोनाटा ध्वनिमुद्रित केले. आगाऊ वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांना हे संच मिळत. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटांचे वादन मावे. त्यामुळे ‘हामरक्लाविअर’चा संथ भाग ऐकताना श्रोत्याला अनेकदा उठून तबकडी उलटावी वा बदलावी लागे. तथापि तोच भाग त्याच रात्री पुन्हा लावणेही त्याच्याच हाती होते.